शब्दचर्चा : फुकट घ्या, कुणालाही वाटा, पण… पुढे काय?

पोफळ :
आमच्या वाड्यावरच्या एका मुलाने मोबाइलवर चालणारा लेहऱ्याचा छोटा प्रोग्रॅम केला आहे. पेटीवर लेहरा, म्हणजे तालाच्या मापाची एकच सुरावट, वाजत राहतो, समोर बसून पखवाज नाहीतर तबल्याचा रियाज करायचा. पैसे घेत नाही. गोव्यातल्या माशेलपासून सावईवेऱ्यापर्यंतच्या भजनी पोरांकडे तो पोचला. चवथीच्या आधी कुणीतरी तो उघडून आत हात घातला आणि लय वाढवली. रेकॉर्ड केलेला सूर नुसता जोरात पळवला की तो चढतोही, हे त्या गृहस्थाच्या ध्यानात आलं नाही. आता काळी एक लावली की भलतंच वाजतं. ती बिघडलेली प्रत ह्याच मुलाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरतेय, आणि शिव्या ह्याला.

नव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर मराठीत सूचना हवी, ती मी लिहून द्यायची आहे. मी लिहिलं : “हा प्रोग्रॅम फुकट आहे. कुणालाही वाटा. फेरफार करू नका.” घरी वाचून दाखवलं तर नवरा म्हणतो, फेरफार म्हणजे लबाडी, हिशेबात करतात ती. शिवाय मुलाचं म्हणणं तसं नाहीच. तो म्हणतो, घरी हवं ते बदला, माझं काय जातंय? बदललेलं माझ्या नावावर दुसऱ्याला देऊ नका, इतकंच. हे सगळं पोटात घेणारं एखादं क्रियापद आहे का? शनिवारपर्यंत हवंय.

खाजें :
‘फेरफार’मध्ये लबाडी कुठून आली? माझं आजोळ सावंतवाडीकडे. आजोबा गेल्यावर मामा वर्षभर तलाठ्याकडे फेऱ्या मारत होते, कशासाठी, तर ‘फेरफार’ मंजूर व्हावा म्हणून. गाव नमुना सहा. वारसांची नावं लागली तेव्हा घरात पेढे वाटले. पत्रादेवीच्या अलीकडे मात्र ह्याच कामाला आपण ‘म्युटेशन’ म्हणतो आणि एक-चौदाचा उतारा काढतो, त्यामुळे गोवेकराच्या कानावर ‘फेरफार’ येतो तो फक्त घोटाळ्याच्या बातमीतून. दोष शब्दाचा नव्हे, पेपराचा.

शुद्धमती :
मुळात वाक्यातला एकही शब्द धड नाही. प्रोग्रॅमला ‘आज्ञावली’ आहे. फुकटला ‘विनामूल्य’ आहे. ‘फेरफार’ऐवजी ‘परिवर्तन’ लिहा. महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो काय शोभेला?

तिखटजाळ :
“ह्या आज्ञावलीचे परिवर्तन करू नये.” वाचून पखवाजवाला धर्मांतराची नोटीस समजेल.

माणकुराद :
‘फुकट’ मात्र मलाही खटकतो. फुकट म्हणजे किंमत नसलेलं. फुकट गेला, फुकटचा उपदेश, फुकटफौजदार. त्या पोराने रात्री जागवल्या असतील. ‘मोफत’ लिहा, फारसी ‘मुफ्त’वरून आलाय, पण सरकारी शाळेने त्याला अब्रू दिली. आणि ‘मुक्त’ अजिबात नको, तो प्रकारच वेगळा. मुक्त म्हणजे आतलं सगळं उघडं, बदला आणि पुढे द्या. १९८९ चा जीपीएल परवाना तसा आहे. फक्त तिथेही अट आहे की बदल कुणी, कधी केला ते फायलीत लिहायचं. फ्रीवेअर म्हणजे दाम नाही एवढंच, आतला हक्क कर्त्याकडे.

खाजें :
पोटमाळ्यावरची एक गोष्ट : ‘फ्रीवेअर’ शब्द चालवला अँड्र्यू फ्लूगलमन ह्या अमेरिकन माणसाने, १९८२ साली, पीसी-टॉक नावाच्या प्रोग्रॅमसाठी. प्रती काढून वाटा, आवडला तर पैसे पाठवा, असा व्यवहार. आणि शब्दाचा मात्र त्याने ट्रेडमार्क घेतला! म्हणजे माल मोकळा, पाटी कुलुपात. म्हणून बाकीच्यांना ‘शेअरवेअर’ शोधावा लागला. पोफळबाय, तुमच्या मुलाचंही तेच दुखणं नाही का? माल न्या, पाटीला हात लावू नका.

सांज :
‘मुक्त’ म्हटलं की आमच्या आजीला १९६१ चा डिसेंबर, गोवा मुक्त झाला तो, आठवतो. ती म्हणेल, ह्या प्रोग्रॅमला कुणी कोंडून घातलं होतं?

रापणकार :
‘वाटा’वर कुणी बोललंच नाही. “कुणालाही वाटा” मी पहिल्यांदा वाचलं ते ‘कुणालाही हिस्सा’ असं. आणि आमच्या घरात ‘वाटा’ म्हटलं की आई खोबरं घेऊन रगड्याकडे वळते. कोकणीत हा घोळ नाही. वाटप म्हणजे मसाला, वांटप म्हणजे हिस्से, नाकातून बोला की झालं. मराठीतही जुन्या पुस्तकांत ‘वांटणें’ सापडतं. १९६२ च्या शुद्धलेखनाने न उच्चारलेले अनुस्वार उडवले आणि पाटा-वरवंटा नि वाटणी एका ओळीत आली.

शुद्धमती :
उच्चारलेले नव्हते म्हणूनच उडवले.

रापणकार :
पुण्यात नव्हते. आमच्या नाकाला कुणी विचारलं?

पोफळ :
मंडळी, क्रियापद.

तिखटजाळ :
‘छेडछाड’ लिहा.

सांज :
हिंदी चॅनेल बघणं बंद करा. मराठीत छेडछाड बसस्टॉपवर होते, प्रोग्रॅमशी नाही. ‘ढवळाढवळ’ बरा, पण तो दुसऱ्याच्या घरकारभारात. आमच्या मुलाचे मित्र संगणकावरच्या खेळात बदल करतात त्याला ‘मॉड मारला’ म्हणतात. मला आपलं वाटतं तो ‘मोडणे’च असणार. आपण ‘मोडतोड’ लिहिलं तर बिघडलं कुठे?

माणकुराद :
‘मॉड’ आणि ‘मोडणे’ ह्यांचा काडीचा संबंध नाही. तसं म्हणायचं तर मुगाला येतो तोही मोडच. सोलून मुगागाठी करा.

सांज :
संबंध नाही हे कबूल. पण कडधान्याचा मोड मला आवडला. बियाणं दुसऱ्याचं, पाणी आपलं.

खाजें :
जुन्या मराठीत ह्यासाठी ‘क्षेपक’ आहे, दुसऱ्याच्या ग्रंथात मागाहून घुसवलेला मजकूर. आणि हा वादही नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणजे १५८४. शेवटी बजावून ठेवलं :
ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥
वाचा, म्हणा, उतरून घ्या, लोकांना द्या. आपली ओवी मात्र तीत घालू नका. तुमच्या मुलाला हवी ती सूचना चारशे वर्षांपूर्वीच लिहून झाली आहे.

रापणकार :
पण नाथांनी स्वतः हात घातलाच की!

खाजें :
त्याला ‘शोधणे’ म्हणतात. पाठ बिघडले होते ते मुळाकडे नेले. आणि कुणी केलं, कोणत्या शकात केलं, हे ओवीत लिहून ठेवलं. माणकुरादबाबांचा तो १९८९ चा परवाना तेच मागतो ना?

माणकुराद :
साधारण तेच, बदल करायची मोकळीक मात्र नाथ देत नाहीत. कायद्याचं सांगतो. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलम ५७ आहे : हक्क विकून टाकले तरी कर्तेपण कर्त्याकडेच राहतं, आणि त्याच्या लौकिकाला बाध येईल अशी कृतीची विटंबना तो अडवू शकतो. प्रोग्रॅमसाठी मात्र तिथेच एक सवलत ठेवली आहे. रीतसर मिळालेली प्रत, ज्या कामाला दिली त्या कामाला वापरता यावी म्हणून तुम्ही आपल्यापुरती जुळवून घेतलीत, तर तक्रार चालणार नाही. म्हणजे घरी पट्टी बदला. गावभर करू नका.

शुद्धमती :
‘जुळवून घेणे’ म्हणजे सासरी करतात ते.

सांज :
माझे वडील भजनात होते. शेजारच्या गावची चाल उचलायचे, त्यात आपली एखादी हरकत घालायचे. पण म्हणण्याआधी, “ही अमक्या गावची, बिघडली असेल तर ती माझी.” हे एवढं बोलल्याशिवाय टाळ हातात घेतला नाही कधी. ‘उचलणे’ हा शब्द तिथे चोरीचा नव्हता. लेहऱ्याच्या प्रकरणात मला राग येतो तो लय वाढवल्याचा नाही, हे वाक्य न बोलल्याचा.

तिखटजाळ :
बोलणार कसं? नाव काढलं असतं तर श्रेयचोर ठरला असता. नाव ठेवलं, म्हणून आता लोक नावं ठेवतात, तीही दुसऱ्यालाच.

माणकुराद :
म्हणूनच फुकट फॉन्टांच्या ओएफएल परवान्यात नाव राखून ठेवायची सोय आहे. फॉन्ट हवा तसा वाकवा, वाटा, पण राखीव नाव बदललेल्या फॉन्टाला लावायचं नाही. तिथे नाव काढणं हाच शिष्टाचार.

रापणकार :
खाजेंबाब, ती ‘नरोटी’ म्हणजे आपली करटीच ना?

खाजें :
करटी, करवंटी, नरोटी, सगळं एकच. ‘नारळ’मधला ‘नार’ असावा त्यात.

रापणकार :
मग नाथांचा दृष्टांत गोव्यात चालायचा नाही. आमच्याकडे करटीला दांडा लावला की दवलो होतो. ताटात अमृत वाढणार कशाने?

शुद्धमती :
दृष्टांत गोव्यासाठी दिलेलाच नाही.

पोफळ :
शनिवार उद्या. तुमची वाट बघून मुलाने स्वतःच सूचना लिहून पाठवली : “फुकट आहे. घरी काय हवं ते करा. बदलून दुसऱ्याला दिलंत तर माझं नाव काढा.” मी तशीच ठेवतेय. देव बरें करूं.

तिखटजाळ :
“माझं नाव काढा”? अहो, परीक्षेला जाताना आजी हेच सांगायची!

पोफळ :
अरे देवा.

रापणकार :
दवलो मोठा, लहान असली तर दवली. जत्रेतल्या फेरीत अजून मिळतात.