मदत हवी आहे : मे महिन्यात पाल ते तोरणमाळ गाडीने

नमस्कार मंडळी,
मुलांच्या सुट्ट्या लागल्या आहेत आणि भुसावळात दुपारी बारानंतर दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते. म्हणून सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने गाडी काढायचं ठरवलंय. आधी पाल आणि यावल अभयारण्य, मग बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने चोपडा, शिरपूर, शहादा करत तोरणमाळ. साडेतीन-पावणेचार हजार फुटांवर निदान रात्री तरी गारवा मिळेल, एवढीच अपेक्षा.

खरी काळजी तोरणमाळच्या यशवंत तलावाची आहे. सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. तिला पाण्याकाठी निवांत बसायचंय. पण सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते म्हणे. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवारी गेलो तर फरक पडेल का? गाडी तलावापासून किती लांब लावावी लागते? सीताखाईचा धबधबा उन्हाळ्यात कोरडाच असणार, ते ठाऊक आहे. तिथल्या कठड्यापर्यंत आईला फार चालावं लागेल का, तेवढं सांगा.

दुसरं म्हणजे घाट. गाडी जुनी, माणसं पाच, वर सामान. चढावर एसी बंद ठेवावा का? शहाद्यातच टाकी फुल करून घेणार आहे.

पालला वनविभागाच्या विश्रामगृहाचं बुकिंग कुठे करायचं, हेही कुणाला माहीत असेल तर कळवा. नुकतंच जाऊन आलेल्या भाऊ-ताईंनी रस्त्याची आजची स्थिती नक्की लिहा. येत्या आठवड्यात निघायचंय.