शर्यतीआधी थरथरणारं कुत्रं: शांत करायचं की तसंच सोडायचं?

रानवारा_तासगाव
आमची मादी तीन वर्षांची, ग्रेहाउंड आणि कारवानी या पळणाऱ्या जातींचा क्रॉस. रानात सोडली की वारा. पण जत्रेच्या माळावर हलगी ऐकली की लटपटते, लाळ गाळते, धापा टाकते. परवा शर्यतीत तिचा नंबर यायला गाडीतच दीड तास लागला. सोडली तर निम्म्या पल्ल्यातच ढिली पडली. एकजण म्हणतो मेडिकलमधनं झोपेची अर्धी गोळी आण, दुसरा म्हणतो चमचाभर ब्रँडी पाज. मला दोन्ही पटत नाही.

जतचा_पैलवान
गोळी नको, पण शांत तरी कशाला करतोस भावा? तापलेलं जनावरच पळतंय. थंड करून सोडलंस तर लोकांकडं बघत बसंल. आमचा नर घसा बसेस्तवर भुंकतो आन् पहिला येतो.

जनावरांचा_डॉक्टर_मिरज
पैलवान, रग आणि भीती यांत गल्लत होतेय. रग असलेलं कुत्रं कान टवकारून पुढं ओढतं. भ्यालेलं शेपूट पोटाखाली घालतं, मागं सरतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः धापेतूनच बाहेर पडते. दीड तास धापा म्हणजे तेवढं पाणी गेलं, शर्यत गाडीतच पळून झाली. ब्रिटनच्या ट्रॅकवर शर्यतीआधी प्रत्येक ग्रेहाउंडचं वजन करतात. मागच्या वेळेपेक्षा एक किलोहून जास्त फरक दिसला तर पळू देत नाहीत.

गोळीचं म्हणाल तर एसीप्रोमाझिनसारखं शामक ग्रेहाउंडला जरा जास्तच चढतं. रक्तदाब उतरतो, अंगाची उष्णता सांभाळता येत नाही. त्यावर पळवायचं? आणि दारू म्हणजे कुत्र्याला विषच.

जतचा_पैलवान
तिकडं ट्रॅक, लाईट, सगळं. आमच्या माळावर काटा कुठनं आणू?

जनावरांचा_डॉक्टर_मिरज
बेदाण्याची पेटी कशावर तोलता? त्यावरच.

वाळव्याची_सून
आमच्या मामंजींनी आयुष्यभर कुत्री पाळली. त्यांची रीत सांगते. गाडी हलगीपासून लांब, बाभळीखाली. कुत्र्याच्या कानावर जुनी माकडटोपी, वरचा शेंडा कापून (लोक हसायचे, हसू देत). घोट घोट पाणी. पाळी पुकारली की मगच उतरवायचं. धरायला माणूस रोजचाच, पट्टाही रोजचाच. मानेपासून पाठीपर्यंत सावकाश हात फिरवायचा, थोपटायचं नाही. घरातल्या पोरांनी भोवती गराडा घालायचा नाही, हे सगळ्यात अवघड. आणि सवय जत्रेत लागत नसते दादा, आधी दोन-तीन महिने बाजारच्या दिवशी लांबून फिरवून आणा.

कृष्णाकाठ
एवढा खटाटोप कशाला? ती थरथरतेय म्हणजे नको म्हणतेय. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याकडचा जो कायदा ग्राह्य धरला तो बैलगाडीचा, त्यात कुत्री कुठं आली? पुढं ससा सोडत असाल तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच.

जतचा_पैलवान
ससा कोण सोडतंय आता? मोटारसायकलला चिंधी बांधून ओढत्यात.

रानवारा_तासगाव
कृष्णाकाठ, तुमचं लागलं मला. ती रानात स्वतःहून पळते, म्हणून वाटतं पळणं नको नाहीये, माळ नको आहे. ही जत्रा सोडतो. ताईंचं माकडटोपीचं करून बघतो, तरी शेपूट खालीच राहिली तर घरीच.

जतचा_पैलवान
एक खरं सांगू का डॉक्टर, आमचा नर शर्यतीनंतर दोन दिवस खात नाही. ताठ होऊन पडतो.

जनावरांचा_डॉक्टर_मिरज
लघवीचा रंग बघितलाय का कधी? तांबडी-काळी असेल तर स्नायू फुटतायत, ते मूत्रपिंडावर जातं. उद्याच घेऊन या.