'सांत्वन करा' लिहिलं तर फोन येतो, कोण गेलं म्हणून

अबोली
आमची टीम सहा जणांची, दोघं नगरला, एक काका नागपूरला, बाकी कुठे कुठे, सगळे घरूनच काम करतो. चर्चमधल्या मुलांसाठीच्या पुस्तिका मराठीत आणतो. सोमवारी मीटिंगआधी दहा मिनिटं प्रार्थना आणि मग बायबलमधलं एक वचन ग्रुपवर टाकायचं असा नेम आहे. या वेळी माझी पाळी होती, मी १ थेस्सलनी ५:११ टाकलं, एकमेकांचे सांत्वन करा, एकमेकांची उन्नती करा. पाच मिनिटांत डिझायनरचा फोन, तो ख्रिस्ती नाही, आवाज एकदम दबका, "ताई, कोणाकडे काही झालं का?" मला काही सुचेचना. इंग्रजीत तिथे एन्करेज आहे. मराठीत काय म्हणायचं? प्रोत्साहन म्हटलं की सरकारी योजना आठवते. आणि अफर्म, म्हणजे तुझं असणं, तुझं काम मोलाचं आहे असं माणसाला जाणवून देणं, त्याला तर शब्दच सापडत नाहीये. ट्रान्सलेटर 'पुष्टी करा' म्हणतो, पण पुष्टी बातमीची करतात, माणसाची कशी करायची?

नगरकर
ताई, सांत्वन चूक नाही. मूळ ग्रीक क्रियापद पाराकालेओ, पारा म्हणजे बाजूला आणि कालेओ म्हणजे हाक मारणे. धीर देणं, विनवणं, समजावणं, सांत्वन, सगळं त्यात येतं, म्हणून आपल्या पवित्र शास्त्रात, मराठी बायबलात, जागेप्रमाणे शब्द बदलतो. इब्री ३:१३ ला 'बोध करा', प्रेषितांच्या काळातला बर्णबा 'बोधपुत्र', आणि योहान १४:१६ मधला 'कैवारी' पण त्याच कुळातला. शिवाय थेस्सलनीत ४:१३ पासून मरण पावलेल्यांबद्दलच बोलणं चाललंय, तिथे सांत्वन शोभतं. तुम्ही ते एकटं वचन उचलून सोमवारी सकाळी टाकलंत म्हणून डिझायनर घाबरला.

वसईची पोर
बोधपुत्र ऐकलं की मला लहानपणी वाटायचं बर्णबा म्हणजे सारखा उपदेश करणारा कोणीतरी. पण तो करतो काय बघा, यरुशलेमेत शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, सगळे घाबरत होते तेव्हा हाच त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला, आणि पुढे तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणलं. याला बोध कोण म्हणेल? मी पाठीराखा म्हणेन.

शब्दशोध
पाठीराखा छान आहे पण क्रियापद लागेल ना. माझं मत उत्तेजन. मूळ धातू तिज्, धार लावणे, तेज आणि तीक्ष्ण त्यातलेच. नीतिसूत्रे २७:१७ मध्ये लोखंडाने लोखंडाला धार येते तसं माणसाचं सांगितलंय, अगदी तेच. पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभा आहे, ग्रंथोत्तेजक संस्था आहे, म्हणजे शब्द चांगला प्रतिष्ठित होता.

नगरकर
होता. आज उत्तेजक म्हटलं की खेळाडूंची चाचणी आठवते. आणि प्रोत्साहनाला इतकं हलकं करू नका, उत्साहाच्या मुळाशी सह् धातू आहे, सहन करणे यातलाच. दुसऱ्याला सोसायचं बळ देणं, हा अर्थ ख्रिस्ती माणसाला परका नाही.

भाषाभान
सगळ्यांनी टीम, मीटिंग, अफर्म बिनदिक्कत वापरलंय. चमू आणि बैठक लिहायला काय हरकत आहे? अफर्मला अनुमोदन आहे.

शब्दशोध
अनुमोदन ठरावाला देतात हो. कोणी मला अनुमोदन दिलं तर मी सूचक कोण ते विचारेन. आणि तुमच्या न्यायाने शाबासही जाईल, ते फारसी 'शाद बाश', आनंदी राहा. मराठी आईने पोराची पाठ कशी थोपटायची मग?

अबोली
एक सांगते, त्यावरून कोणाला शब्द सुचला तर बघा. गेल्या महिन्यात बाबा दवाखान्यात होते, मी तिथूनच काम करत होते, कॅमेरा बंद ठेवून, कोणाला काही सांगितलं नव्हतं. नागपूरच्या काकांचा व्हॉइस मेसेज आला, "पोरी, सातव्या पानावर तू प्रेम खोडून प्रीती केलंस, मुलं करिंथचा तेरावा अध्याय पाठ करतात तोच शब्द त्यांना तिथे भेटेल, फार बरं केलंस." इतकंच. जिन्यात उभी राहून मी तो तीनदा ऐकला. हे कौतुक नाही, शाबासकी तर नाहीच, कोणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं.

वसईची पोर
दखल! तुझी दखल घेतली त्यांनी.

भाषाभान
दखलही अरबी.

नगरकर
असू दे अरबी. पौलाच्या रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय वाचा, पौलाने तोवर रोम पाहिलंही नव्हतं आणि इतक्या लांबून एकेकाचं नाव घेतो, प्रिस्क व अक्विला 'माझे सहकारी', आणि मरियेचं नाव घेताना तिने तुमच्यासाठी फार श्रम केले हेही सांगतो. काकांनी तेच केलं, नाव आणि काम. आणि प्रत्येकापुढे शब्द काय, तर सलाम सांगा.

भाषाभान
हे खरंच विचारतो, मराठी ख्रिस्ती लोकांनी नमस्कार सोडून सलाम का धरला?

वसईची पोर
आमच्याकडे जय येशू, सलाम नाही.

शब्दशोध
सलाम आणि हिब्रू शालोम एकाच मुळाचे, शांती. बायबलच्या भाषेला तो जवळचाच पडतो.

नगरकर
आमचे आजोबा पोस्टकार्डाच्या शेवटी 'प्रभूमध्ये सलाम' लिहून घरातल्या एकेकाचं नाव घालायचे, रांगणाऱ्या पोराचंसुद्धा. जागा संपली की उरलेली नावं कडेने, उभी.