अंतराळातली 'साखर': एवढा गाजावाजा कशाला?

रात्रपाळी: २००० साली आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या धनू बी२ या वायू-धुळीच्या ढगात ग्लायकोलाल्डिहाइड, म्हणजे साखरेचा सर्वांत साधा भाऊबंद असलेला रेणू, सापडलं. २०१२ मध्ये चिलीतल्या 'अल्मा' रेडिओ दुर्बिणींनी सुमारे ४०० प्रकाशवर्षांवर, सूर्यासारख्या कोवळ्या ताऱ्याभोवती तेच टिपलं. तेव्हापासून 'साखर वर आहे, म्हणजे जीवनही वरूनच आलं' हे पालुपद चालू आहे. अहो, दोन कार्बन, चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन! व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचं सूत्रही हेच, आणि तेही त्याच ढगात आहे. त्याची कुणी बातमी करत नाही. जीवोत्पत्तीच्या दृष्टीने हा शोध किरकोळ आहे.

चुनखडी: किरकोळ? फॉर्माल्डिहाइड या एकाच कार्बनच्या साध्या रेणूच्या द्रावणात चुना घालून बघा. बराच वेळ ढिम्म. चिमूटभर ग्लायकोलाल्डिहाइड टाकलं की गाडी सुटते: द्रावण पिवळं, मग तपकिरी, आणि आत साखरा. रशियन रसायनशास्त्रज्ञ बुटलेरोव्हने १८६१ मध्येच अशा साखरा बनवल्या होत्या. जनुकीय माहिती वाहणाऱ्या आरएनए रेणूच्या कण्यातली साखर, रायबोज, हाही त्यांत असतो.

रात्रपाळी: तपकिरीवर थांबतं का? पुढे डांबर होतं. ढीगभर साखरांत रायबोज नावापुरता, आणि तोही टिकत नाही.

वाटसरू: मधेच बोलतो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन सदरलंड यांच्या गटाने २००९ मध्ये रायबोज सुटा बनवायच्या भानगडीत न पडता ग्लायकोलाल्डिहाइड आणि सायनामाइड या नायट्रोजनयुक्त छोट्या रेणूपासून सुरुवात केली आणि आरएनएच्या चारपैकी दोन अक्षरांपर्यंत (म्हणजे घटक-रेणूंपर्यंत) मजल मारली. डांबराचा आक्षेप तिथे लागू होत नाही.

रात्रपाळी: मजल मारली खरी, पण एकेक रसायन शुद्ध करून, ठरलेल्या क्रमाने घालायला माणसं होती. आदिम पृथ्वीवर ते कोण करणार? शिवाय धनू बी२ सुमारे २६,००० प्रकाशवर्षं लांब. तिथला माल इथे कसा येणार?

चुनखडी: धनू सोडा. लवजॉय धूमकेतूतही हा रेणू सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालंय. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत तर थेट रायबोज मिळाला.

रात्रपाळी: आदळताना बराचसा माल जळतो. आणि फॉर्माल्डिहाइड इथल्या हवेतही अतिनील किरणांनी बनतंच की! आयात हवीच कशाला?

चुनखडी: तिथेच तर अडतं. फॉर्माल्डिहाइडचे पहिले दोन रेणू एकमेकांना जोडणं हाच अवघड टप्पा. आयता जोडलेला रेणू, म्हणजे ग्लायकोलाल्डिहाइड, वरून आला, तर थोडाही पुरतो.

रात्रपाळी: परातीत पुरेल. समुद्रात?

चुनखडी: समुद्र कोण म्हणतंय? उन्हात आटणारं डबकं धरा.