मदत हवी आहे: सीईटीत ९८.४१, सीओईपी मिळेल का?

घाईत_बाबा
पाल्याला २०२५ च्या इंजिनिअरिंगच्या सीईटीत ९८.४१ पर्सेंटाइल आहेत. ओपन. सीओईपी मिळेल का? नाहीतर पुण्यातलंच पीआयसीटी कॉलेज? मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली तर एकाच शाखेखाली पंचवीस आकडे. डोकं चालेना. पर्याय भरायला थोडेच दिवस उरलेत. हो की नाही एवढंच सांगा, अभ्यासावर प्रवचन नको.

कॅपवारी
हो की नाही कशाचं? शाखा कुठली? बारावी कुठून? मुलगा की मुलगी? उत्पन्न आठ लाखांच्या आत की बाहेर? आणि ९८.४१ हे पीसीएमचेच ना? पीसीबीही दिली असेल तर तो आकडा इथे चालत नाही.

घाईत_बाबा
पीसीएम. शाखा अर्थात कॉम्प्युटर. आम्ही पुण्याचेच आहोत, हडपसर.

मुठेकाठी
सीओईपी कॉम्प्युटर: नाही. खुल्या गटात ते ९९.८ च्या वरच बंद होतं. पीआयसीटी कॉम्प्युटर: नाही. ९९ च्या खाली तिथे विचारच करू नका. झालं तुमचं हो-नाही.

चष्मेबहाद्दर
९८ च्या वर म्हणजे सीओईपीत कुठली ना कुठली शाखा डोळे झाकून मिळते हो. घाबरवू नका माणसाला. मेटलर्जी घ्या आणि निवांत राहा.

बेरीज_वजाबाकी
डोळे झाकूनच फसायला होतं. यंदाचे पर्सेंटाइल मागच्या वर्षीच्या पर्सेंटाइलशेजारी ठेवू नका. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे किती टक्के आहेत ते. परीक्षा देणारे वाढले की त्याच पर्सेंटाइलला पुढची माणसंही वाढतात.

२०२४ ला पीसीएमला ढोबळ तीन लाख मुलं बसली. २०२५ ला सव्वाचार लाखांच्या आसपास. ९८.४१ म्हणजे तुमच्या पुढे १.५९ टक्के. तीन लाखांत ते होतात ४,७७०. सव्वाचार लाखांत ६,७५०. म्हणजे एकाच आकड्यावर जवळपास दोन हजार मुलं जास्त पुढे. जागा काही त्या प्रमाणात वाढलेल्या नाहीत, सीओईपीत तर नाहीतच.

आता उलटं करा. ६,७५० ला तीन लाखांनी भागा, २.२५ टक्के. शंभरातून वजा, ९७.७५. मागच्या वर्षीच्या पीडीएफमध्ये तुम्ही ९८.४१ नाही, ९७.७५ घेऊन फिरा.

याहून सोपं म्हणजे पर्सेंटाइल सोडूनच द्या. पीडीएफमध्ये प्रत्येक चौकोनात दोन आकडे असतात: वर गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. सगळे कंसातला वाचतात. वरचा वाचा. तुमची तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की त्यातला राज्य क्रमांक घ्या आणि क्रमांकाला क्रमांक लावा. तो ६,७५० पेक्षा थोडा वेगळा येईल, कारण परीक्षा दिलेले सगळेच कॅपला, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्यांना, नोंदणी करत नाहीत.

चष्मेबहाद्दर
पण वरची मुलं आयआयटी-एनआयटीला जातात की. पुढच्या फेऱ्यांत कटऑफ धाडकन खाली येतो.

बेरीज_वजाबाकी
यंदा जोसाच्या (आयआयटी-एनआयटी प्रवेशाच्या) फेऱ्या कॅपच्या पहिल्या वाटपाआधीच आटोपल्यात. ज्यांना जायचं होतं त्यातले बरेच पहिल्या फेरीआधीच बाहेर. धाडकन वगैरे नाही, किंचित सरकतो. त्या भरवशावर यादी लावू नका.

सुपारी_कातरणी
मी म्हणते आधी जेईईचं काय ते सांगा. खासगी कॉलेजात १५ टक्के जागा अखिल भारतीय, त्या जेईई मेनवर भरतात. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं, सीईटीच धरून बसतात.

घाईत_बाबा
जेईई बरी गेली नाही, ते सोडा. @बेरीज_वजाबाकी, ९७.७५ घेऊन पीआयसीटी बघितलं. जीओपनएच रकान्यात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) अगदी काठावर दिसतंय. म्हणजे आशा आहे ना?

कॅपवारी
"बारावी कुठून" याचं उत्तर अजून आलेलं नाही.

घाईत_बाबा
लातूर. दोन वर्षं तिथेच ठेवलं होतं शिकायला. पण घर पुण्यातच, आधार, रेशनकार्ड सगळं पुण्याचं.

कॅपवारी
मग चुकीचा रकाना बघताय. दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेल्यांचं गृह विद्यापीठ बारावीच्या कॉलेजच्या जिल्ह्यावरून ठरतं. घर कुठे, आधार कुठलं, बोर्ड राज्याचं की सीबीएसई, याचा संबंध नाही. लातूर म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, नांदेड. पीआयसीटी, कमिन्स, व्हीआयटी या पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी तुम्ही बाहेरचे. शेवटी एच असलेला (गृह विद्यापीठाचा) रकाना मिटा, ओ असलेला (बाहेरच्यांचा) उघडा. या कॉलेजांत ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या, ३० टक्के बाहेरच्यांना.

सीओईपीत ही भानगड नाही. तिथे रकान्याच्या शेवटी एस आहे, म्हणजे राज्यस्तर. लातूर, पुणे, गडचिरोली सगळे एका रांगेत.

घाईत_बाबा
हे कुणीच सांगितलं नव्हतं! तिकडच्या क्लासवाल्यांनीही नाही. मग आता?

शून्य_प्रहर
लातूरला पाठवायची फॅशनच झालीय. (अवांतर: सीओईपीचा बोट क्लब बघून या एकदा. संगमाजवळ संध्याकाळी होड्या निघतात. १८५४ चं कॉलेज आहे, काही उगीच नाही.)

मुठेकाठी
होडीत बसायला कटऑफ नसतो, प्रवेशाला असतो. धाग्यावर या.

सुपारी_कातरणी
"पाल्य, पाल्य" चाललंय. मुलगा आहे की मुलगी? हा प्रश्नही तसाच पडलाय.

घाईत_बाबा
मुलगी. त्याने काय फरक पडतो?

सुपारी_कातरणी
बराच. ३० टक्के जागा मुलींसाठी असतात, त्या रकान्यांची सुरुवात एलने होते. मुलीचा विचार आधी सर्वसाधारण जीच्या जागेवर होतो, तिथे नाही लागलं तर एलच्या. म्हणजे दोन दारं. सीओईपीला एलओपनएस बघा. वरच्या शाखांत दोन्हीतलं अंतर नगण्य असतं, खालच्या शाखांत जरा मोकळं होतं.

आणि कमिन्स! कर्वेनगरचं कमिन्स फक्त मुलींचं आहे. तिथलं कॉम्प्युटर आणि आयटी ओच्या रकान्यातून बघा. एवढा वेळ पीआयसीटी-पीआयसीटी चाललंय आणि हे नावच यादीत नाही.

कॅपवारी
आणि फी. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंटच्या जागेवर घेतलात तर विसरा. तुमचं उत्पन्न? हा उत्तर न मिळालेला तिसरा प्रश्न.

घाईत_बाबा
आत आहे. ईडब्ल्यूएसचा दाखला आहे आमच्याकडे, जेईईच्या वेळी काढला होता. अर्जात ईडब्ल्यूएस "नाही" केलंय कारण कटऑफ सारखाच दिसला.

जुना_फॉर्म
टीएफडब्ल्यूएसही (फीमाफीच्या वेगळ्या जागा) भरा. उत्पन्न आठच्या आत म्हणजे पात्र आहातच. त्याचा चॉइस कोड वेगळा, शेवटी टी लागतो. बरेच जण साधा कोड भरतात आणि टीएफडब्ल्यूएस का लागलं नाही म्हणून ओरडतात.

कॅपवारी
टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ नेहमी चढा असतो, कारण शाखेमागे पाचच टक्के जागा. ईडब्ल्यूएस मुलीला फी तशीही माफ होते. यांच्यासाठी तो कोड शोभेचा.

ईडब्ल्यूएस मात्र सोडू नका. पण जेईईला काढलेला दाखला इथे चालायचा नाही. तो केंद्राच्या नमुन्यातला असणार. काढून बघा: पाच एकर शेती, हजार चौरस फुटांचा फ्लॅट अशी कलमं छापलेली असतील तर तो केंद्राचाच. कॅपला राज्याच्या नमुन्यातला लागतो, चालू आर्थिक वर्षाचा. आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज, तहसील कार्यालयातून दाखला.

लोक अडतात ते एका कागदापाशी. १३ ऑक्टोबर १९६७ किंवा त्याआधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहतंय याचा पुरावा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, जन्मनोंद, जे असेल ते आजच शोधायला घ्या. आजोबा आणि तुमची मुलगी यांना जोडणारा कागदही हवा, म्हणजे तुमचा स्वतःचा शाळेचा दाखला.

एक विचारतो, रागावू नका. मराठा असाल तर गट एसईबीसी, ईडब्ल्यूएस मिळणार नाही.

घाईत_बाबा
नाही, त्यात नाही. अर्जात "नाही" केलंय ते आता बदलता येईल?

कॅपवारी
तात्पुरती यादी लागली की हरकतीसाठी मुदत असते. तेव्हा लॉगिनमधून दुरुस्ती टाका, दाखला अपलोड करा, पडताळणी केंद्राकडून मंजूर झाली का ते बघा. मंजुरीची नवी पावती छापून घ्या, तिच्यावर गट काय लिहिलाय तो बोट ठेवून वाचा. अंतिम यादीनंतर काही होत नाही. मूळ दाखला मुदतीत दिला नाही तर अर्ज थेट खुल्या गटात जातो.

बेरीज_वजाबाकी
ईडब्ल्यूएसला पीडीएफमध्ये एकच रकाना आहे, मुलींचा वेगळा नाही. "सारखाच दिसला" हे कॉम्प्युटरला खरं असेल. सिव्हिल, मॅन्युफॅक्चरिंग, मेटलर्जीला जाऊन बघा. हिची सीओईपीतली आशा आहे ती या तिघांतच, आणि तीही काठावरची. काठावर असताना एक रकाना जास्त मिळणं हीच खरी कमाई.

जुना_फॉर्म
पर्यायांचं सोपं आहे. फक्त पहिला पर्याय लागला तर घ्यावा लागतो. बाकी काहीही लागलं तरी बेटरमेंट घेत राहा, म्हणजे ती जागा धरून वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत थांबा.

कॅपवारी
हे २०२४ पर्यंतचं. २०२५-२६ ला नियम बदलले, फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही लागला की आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच जागा घ्यायची, पुढच्या फेऱ्या बंद. चौथीत लागेल ते अंतिम. जुनं ज्ञान वाटत फिरू नका, कुणाचं तरी वर्ष जायचं.

जुना_फॉर्म
बरं, चुकलं. पण मग उपायही ऐका. न लागणारे पर्याय वर ठेवा. सीओईपी कॉम्प्युटर, सीओईपी ईएनटीसी, मुंबईचं व्हीजेटीआय कॉम्प्युटर. ते लागणार नाहीत, आणि फ्रीझही होणार नाही. ढाल.

मुठेकाठी
असली हुशारी अंगाशी येते.

बेरीज_वजाबाकी
नाही, या एका बाबतीत जुना_फॉर्म बरोबर आहेत. वाटप वरून खाली चालतं. वरचा पर्याय क्रमांकात बसला नाही म्हणून खालचा कमी होत नाही. पण ढालीचा उपयोग एवढाच की चौथ्या क्रमांकाची जागा दुसऱ्या फेरीत लागली तर ती घेऊन पुढे थांबता येतं. त्यासाठी तिच्या वर असं काहीतरी हवं जे पुढच्या फेरीत खरंच लागू शकेल. वरचे तिन्ही अशक्य असतील तर थांबून मिळणार काय? म्हणून अशक्य दोन, मग काठावरचे चार-पाच, मग खात्रीचे. काठावरच्यांचा क्रम कटऑफवर नाही, आवडीवर. प्रत्येक फेरीआधी पर्याय पुन्हा भरता येतात, तेव्हा तिसऱ्या फेरीला वरचे सहा नव्याने तपासा.

चष्मेबहाद्दर
म्हणजे माझी मेटलर्जी शेवटी यादीत आलीच ना.

सुपारी_कातरणी
मुलीला विचारलंय का कुणी? बाबा कॉम्प्युटर म्हणतात, तुम्ही मेटलर्जी. सीओईपी मेटलर्जी आधी की कमिन्स कॉम्प्युटर आधी हे तिने ठरवायचं. पुढे शाखा बदलून घेऊ या आशेवर तर अजिबात नको, त्या जागा मोजक्या आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर.

शून्य_प्रहर
डिप्लोमा केला असता तर थेट दुसऱ्या वर्षाला...

मुठेकाठी
बारावी झालीय तिची.

घाईत_बाबा
तिला विचारलं. ती म्हणते आधी कमिन्स कॉम्प्युटर, मग कमिन्स आयटी, मग पीआयसीटी ईएनटीसी. सीओईपी सिव्हिल चालेल, मेटलर्जी नको. दाखला काढून बघितला, पाच एकरांचं कलम आहे. आजोबांचा सातवीचा दाखला गावी आहे, १९५८ चा, भाऊ फोटो पाठवतोय.

कॅपवारी
फोटोवर तहसीलचं काम होत नाही. भावाला मूळ दाखला घेऊन एसटीत बसवा. पीआयसीटी आणि कमिन्स दोन्हीकडे ओचाच रकाना, हे पर्याय भरताना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा.