अनुभव धागा: तुमच्या खेळात पहिली ओळ कधी दिसली?

संगणकावरचे खेळ लिहायला शिकताना पहिली आज्ञा बहुधा ‘प्रिंट’, म्हणजे मजकूर दाखवण्याची, असते आणि पहिला गोंधळही तिथेच होतो. आपापला गोंधळ सविस्तर लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करतो.

रोब्लॉक्स या खेळ बनवण्याच्या व्यासपीठावर स्क्रिप्टमध्ये (खेळाच्या आज्ञा लिहितात तिथे) मी ‘प्रिंट’ लिहून खेळ चालवला, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना. मजकूर ‘आउटपुट’ खिडकीत जात होता आणि ती खिडकीच मी बंद करून ठेवली होती. ‘प्रिंट’ ही लिहिणाऱ्यासाठी असते. खेळाडूला दाखवायचे असेल, तर टेक्स्टलेबल (पडद्यावरची मजकुराची चौकट) ठेवून त्याच्या ‘टेक्स्ट’मध्ये मजकूर भरावा लागतो, हे कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

*

माझा घोटाळा लव्ह टूडी हे खेळ बनवण्याचे साधन वापरताना झाला. कळ दाबल्यावर ‘शाबास’ दिसावे म्हणून मी अक्षरे काढण्याची आज्ञा कळ दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्येच (आज्ञांच्या गटात) घातली होती. त्रुटीचा संदेश येत नव्हता आणि शब्दही दिसत नव्हता. प्रत्येक फ्रेमच्या (पडद्यावर भराभर बदलणाऱ्या एकेका चित्राच्या) आरंभी पडदा पुसला जातो आणि मगच ‘ड्रॉ’ फंक्शन चालते, त्यामुळे त्याआधी काढलेले सारे वाया जाते. शेवटी कळ दाबल्यावर फक्त एका व्हेरिएबलमध्ये (माहिती ठेवण्याच्या नावाच्या कप्प्यात) शब्द साठवला आणि तो रंगवण्याचे काम ‘ड्रॉ’कडे सोपवले.

*

गेममेकर या खेळ बनवण्याच्या साधनात ‘गुण: ’ या मजकुराला अधिकचिन्हाने आकडा जोडला आणि खेळ बंद पडला. आकडा आधी ‘स्ट्रिंग’ फंक्शनमधून मजकुरात बदलून घ्यावा लागतो, एवढेच.

*

मला खेळ मराठीतच हवा होता. (हट्टच म्हणा!) गेममेकरमध्ये फाँट घेताना अक्षरांच्या संगणकीय क्रमांकांची मर्यादा मुळात ३२ ते १२७ अशी असते आणि तीत देवनागरी बसत नाही. २३०४ ते २४३१ हा पट्टा जोडल्यावर अक्षरे आली खरी, पण ‘किल्ला’ची वेलांटी ‘क’च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसली आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी झाली. अक्षरे असणे आणि ती परस्परांशी नीट जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिले. काही काळ मी प्रत्येक वाक्याचे चित्र करून वापरले. एका शुद्धलेखनाच्या चुकीसाठी पुन्हा चित्र काढणे फार कंटाळवाणे होते. नंतर गोडो या खेळ बनवण्याच्या दुसऱ्या साधनाची चौथी आवृत्ती घेतली, देवनागरीचा फाँट जोडला आणि लेबलमध्ये ‘किल्ला’ लिहिले. वेलांटी जागेवर होती.