मदत हवी आहे : डॉज योजनेत डॉलरवर पहिला हक्क कोणाचा?

१९२३ च्या प्रचंड चलनफुगवट्यानंतर जर्मनी कसा सावरला यावर टिपण चाललंय, एका जागी गाडी अडली आहे. रेंटेनमार्क या नव्या चलनापर्यंत हिशेब सरळ आहे. १५ नोव्हेंबर १९२३ ला नवी नोट आली. एकावर बारा शून्यं इतके जुने कागदी मार्क म्हणजे एक रेंटेनमार्क. ती टिकली ती तिच्यामागे दाखवलेल्या जमिनीच्या तारणापेक्षा सरकारने घ्यायच्या उचलीवर १२० कोटींची मर्यादा घातल्यामुळे, असं माझं मत. (नोट देऊन शेत थोडंच मिळणार होतं!)

घोळ पुढे आहे. डॉज योजनेत (पहिल्या महायुद्धाची नुकसानभरपाई जर्मनीने कशी फेडायची याची १९२४ ची योजना) पहिल्या वर्षीचा हप्ता १०० कोटी सुवर्णमार्क, त्यातले ८० कोटी परदेशी कर्जातूनच. पाचव्या वर्षी २५० कोटी. रक्कम मार्कमध्येच राइक्सबँकेत (जर्मनीची मध्यवर्ती बँक), नुकसानभरपाई एजंटच्या (वसुली पाहणारा दोस्त राष्ट्रांचा अधिकारी) खात्यात जमा व्हायची. मार्क घसरण्याची भीती असेल तर ती परकीय चलनात बदलून बाहेर पाठवणं थांबवता येई. मग नगरपालिका-कारखान्यांनी न्यूयॉर्कहून उचललेल्या कर्जाच्या व्याजाला डॉलर आधी, की नुकसानभरपाईला? १९२८-२९ मध्ये कर्जाचा ओघ आटल्यावर प्रत्यक्षात काय झालं? आणि १९२५ च्या लोकार्नो करारानंतर (जर्मनीच्या पश्चिम सीमांची हमी देणारा करार) जर्मन रोख्यांचा व्याजदर उतरला का? आकडे हवेत, जर्मन तक्तेही चालतील.